मुखत्यारपत्र कोठवर चालते?

वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबांत शेतीचा सातबारा, बँकेतील खाते व घराची कागदपत्रे बहुधा घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या नावे असतात. मुले नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, मुंबई किंवा त्याहूनही दूर गेलेली असतात. वडील हिंडतेफिरते आहेत तोवर या व्यवस्थेत कोणास अडचण भासत नाही. परंतु पक्षाघाताचा झटका आला, दृष्टी गेली किंवा स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसू लागली म्हणजे पीककर्जाचे नवीकरण, कापसाचे चुकारे, विम्याचा दावा, रुग्णालयाचे देयक असे एकामागून एक प्रश्न उभे राहतात, आणि प्रत्येक कार्यालयात उत्तर एकच मिळते : खातेदाराची सही आणा. अशा वेळी गावातील जाणती मंडळी कुलमुखत्यारपत्र करून घेण्याचा सल्ला देतात. सल्ला हिताचा असला तरी तो पुष्कळदा अशा अवस्थेत दिला जातो, की जेव्हा कायद्याने तो अमलात आणताच येत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की वेळेवर करून ठेवलेले मुखत्यारपत्रही ऐन गरजेच्या प्रसंगी निष्प्रभ ठरू शकते. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील सरपंच, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्याकडे लोक या बाबतीत प्रथम विचारणा करीत असल्याने हा विषय थोडा मुळातून समजावून घेणे आवश्यक आहे.

‘मुखत्यार’ हा शब्द फारसी दरबारी भाषेतून आलेला आहे. वऱ्हाडावर दीर्घकाळ निजामाचे स्वामित्व होते. १८५३ साली हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तरी ते स्वामित्व नावापुरते पुढेही राहिले आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ‘वऱ्हाड कायदे अधिनियम’ म्हणून १९४१ साली एक स्वतंत्र अधिनियमच करावा लागला होता. त्या जुन्या कारभाराची भाषा दस्तलेखकांच्या लेखणीत अद्यापि टिकून आहे. सर्व व्यवहारांसाठी दिलेल्या पत्रास ‘आममुखत्यारपत्र’ किंवा ‘कुलमुखत्यारपत्र’ म्हणतात, तर ठराविक कामापुरते दिलेले ते ‘खासमुखत्यारपत्र’. विशिष्ट व्यक्तीस आपल्या वतीने व आपल्या नावाने काम करण्याचा अधिकार देणारा कोणताही लेख, अशी मुखत्यारपत्राची व्याख्या १८८२ च्या मुखत्यारपत्र अधिनियमात आहे. हा अधिनियम अगदी आटोपशीर आहे. लिहून देणार व मुखत्यार यांचे परस्परांशी असलेले नाते, म्हणजे अधिकार किती, जबाबदारी कोणती आणि ते नाते संपते केव्हा, हे सर्व मात्र १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील अभिकरणाच्या प्रकरणात पाहावे लागते. खरी मेख तेथेच आहे.

बुद्धी गेली की अधिकार गेला

करार अधिनियमाच्या कलम २०१ प्रमाणे लिहून देणाराने अधिकार काढून घेतला, मुखत्याराने काम सोडले, ठरलेले काम पूर्ण झाले, दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, अथवा दोघांपैकी एकाची बुद्धी विकल झाली, म्हणजे मुखत्यारीचा शेवट होतो. मृत्यूने मुखत्यारपत्र संपते हे सामान्यतः ठाऊक असते. बुद्धिभ्रंशानेही ते संपते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. वडिलांना पुढेमागे काही समजेनासे झाले तर उपयोगी पडावे म्हणून मुलगा जे पत्र करून घेतो, ते वडिलांना समजेनासे झाले त्याच दिवशी कायद्याच्या दृष्टीने संपलेले असते. पत्रात ‘मी आजारी अथवा अक्षम झालो तरी हा अधिकार कायम राहील’ असे वाक्य घातले म्हणून कलमाचा परिणाम टळतो, असे समजून चालणे धोक्याचे आहे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. शरीर लुळे पडले, वाचा गेली, हात थरथरू लागला, एवढ्याने मुखत्यारपत्र संपत नाही. आपल्या हिताहिताचा विचार करून व्यवहार समजण्याची शक्ती शाबूत असेल तर ते चालू राहते, एवढेच नव्हे तर अशा अवस्थेत नवीनही करता येते. अधूनमधून भान हरपणाऱ्या व्यक्तीला भान असलेल्या काळात करार करता येतो, असे अधिनियमातच म्हटले आहे. मात्र त्या दिवशी भान होते हे पुढे सिद्ध करण्याचा प्रसंग येतो. यास्तव वैद्यकीय अधिकाऱ्याचा त्याच तारखेचा दाखला पत्रास जोडणे आणि मजकूर वाचून दाखविल्याचा व समजल्याचा उल्लेख त्यात करणे शहाणपणाचे ठरते.

इंग्लंडमध्येही पूर्वी हाच नियम होता. तेथे १९८५ साली स्वतंत्र कायदा करून बुद्धी गेल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र मान्य करण्यात आले, व २००५ च्या कायद्याने मालमत्तेबरोबर आरोग्यविषयक निर्णयांसाठीही तशी सोय झाली. भारतात असा सर्वसाधारण कायदा झालेला नाही. परदेशी राहणारी मुले तिकडच्या माहितीवरून इकडच्या आईवडिलांसाठी तसाच कागद करू पाहतात आणि तो येथे चालत नाही, याचे कारण हेच.

लिहून देणार अक्षम झाल्याचे ज्यांना कळलेले नाही अशा त्रयस्थांना, उदाहरणार्थ बँकेला, कायदा संरक्षण देतो. त्यांच्यापुरता अधिकार त्यांना कळल्यावरच संपतो. म्हणून व्यवहारात अशी पत्रे वर्षानुवर्षे चालूही राहतात. पण मुखत्याराला स्वतःला ते ठाऊक असते. कलम २०९ त्याच्यावर हितरक्षणाची वाजवी पावले उचलण्याचे कर्तव्य टाकते. शेतातील माल खराब होऊ न देणे, येणे बुडू न देणे, अशी कामे त्यात बसतील. वडील बेशुद्धीत असताना जुन्या पत्राच्या आधारे जमिनीचे खरेदीखत करून देणे त्यात बसत नाही, आणि असे खरेदीखत पुढे भावाबहिणींच्या दाव्यात सापडते.

पत्र कसे असावे

मुखत्यारपत्र टिकते तोवर ते फार उपयोगी असते. मात्र ते गरजेपुरते असावे. छापील नमुन्यातील ‘विक्री, गहाण, बक्षीस, भाडेपट्टा व सर्व काही’ हा मजकूर वाचून न पाहता सही होते, आणि नंतर पस्तावण्याची वेळ येते. वरुड-मोर्शीकडील संत्राबागायतदाराला मुलाने आंबिया किंवा मृग बहार व्यापाऱ्याला विकावा, रक्कम खात्यात भरावी, फवारणीचा व ओलिताचा खर्च करावा, एवढेच हवे असते. त्यासाठी बहार विकण्याचा अधिकार पुरेसा आहे. बाग विकण्याचा अधिकार देण्याचे कारण नाही. दर्यापूर किंवा अकोट भागातील कापूस उत्पादकाला बाजार समितीत माल नेणे, चुकारा घेणे, पीककर्जाचे कागद करणे व पीकविम्याचा दावा सादर करणे एवढी कामे गट क्रमांकासह व बँक खात्याच्या तपशिलासह लिहिता येतात. दोन मुलांना मुखत्यार केले असेल तर दोघांनी मिळून सही करावयाची की कोणा एकाची चालेल, हे स्पष्ट लिहिले नाही तर बँक दोघांनाही परत पाठविते.

विक्रीचा अधिकार द्यावयाचा असेल तर मुद्रांकाचा विचार करावा लागतो. महाराष्ट्रात पूर्वी १०० रुपयांच्या मुद्रांकावर होणाऱ्या अनेक दस्तांना ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये लागतात. आईवडील, पती-पत्नी, भाऊबहीण, मुलगी यांसारख्या जवळच्या नातलगास मोबदल्याविना विक्रीचा अधिकार दिल्यास ठराविक अल्प मुद्रांक पुरतो. परक्यास दिल्यास खरेदीखताइतका मुद्रांक भरावा लागतो. या भेदामागे जुना अनुभव आहे. मुखत्यारपत्र करून देऊन पैसे घ्यावयाचे आणि ताबा सोडावयाचा, अशी आडवाटेची विक्री देशभर बोकाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले, की अशा पत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. आप्ताला कारभार पाहण्यासाठी किंवा खरेदीखत करून देण्यासाठी दिलेल्या खऱ्याखुऱ्या मुखत्यारपत्रांना त्या निर्णयाने बाधा आलेली नाही, हेही त्याच निर्णयात नमूद आहे. लिहून देणाराला स्वतःला जे करता येत नाही, ते मुखत्यारालाही करता येत नाही. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची बंधने आहेत. मुखत्यारपत्राच्या आडून ती ओलांडता येत नाहीत, हे तेथील पंचायत सदस्यांनी लोकांना आवर्जून सांगावयास हवे.

पत्र नोटरीसमोर करावे की दुय्यम निबंधकासमोर, हा नेहमीचा प्रश्न. बँक किंवा कार्यालयीन कामासाठी नोटरीने साक्षांकित केलेले पत्र बहुतेक ठिकाणी स्वीकारले जाते. परंतु लिहून देणाराच्या वतीने दस्त नोंदणीस सादर करावयाचा असेल, तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीचे पत्र तिच्या राहत्या भागातील निबंधक वा दुय्यम निबंधकासमोरच करून अधिप्रमाणित व्हावे लागते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस कार्यालयात नेण्याची मात्र सक्ती नाही. शारीरिक दुर्बलतेमुळे धोका वा गंभीर गैरसोय सोसल्याशिवाय जी व्यक्ती येऊ शकत नाही, तिच्यासाठी अधिकाऱ्याने घरी जाण्याची किंवा आयुक्त पाठविण्याची तरतूद नोंदणी अधिनियमात १९०८ पासून आहे. बाजेसकट रुग्णाला जीपमध्ये घालून तालुक्याला नेल्याच्या हकिकती तरीही ऐकू येतात. तरतूद माहीत नसल्याचाच हा परिणाम होय.

मुखत्याराने मागितल्यावर हिशेब दाखविला पाहिजे, आणि लिहून देणाराच्या मालमत्तेत त्याला न कळविता स्वतःचा सौदा करता कामा नये, हे कायद्याचे दंडक आहेत. पत्र रद्द करावयाचे झाल्यास लेखी कळवावे लागते, आणि केवळ मुखत्याराला कळवून भागत नाही. बँक, दुय्यम निबंधक, बाजार समिती, ज्या ज्या ठिकाणी पत्र दाखविले गेले तेथे तेथे कळवावयास हवे. मृत्युपत्र मुखत्यारामार्फत करता येत नाही, हेही सांगून ठेवणे बरे.

बँकेतील सोयी

पैसे काढण्यापुरतीच अडचण असेल तर मुखत्यारपत्राशिवाय तीवर मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार वृद्ध वा आजारी खातेदार सही करू शकत नसेल तर त्याच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो व त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटविता येत नसेल तर निशाणी चालते. पैसे प्रत्यक्ष कोण नेणार, हेही बँकेने त्याच्याकडून विचारून घ्यावयाचे असते. खाते पती-पत्नीच्या संयुक्त नावे व ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ या पद्धतीचे असेल तर निम्मी अडचण उद्भवतच नाही. दोघांच्या सहीने चालणारे खाते मात्र एकजण आजारी पडताच अडते. निवृत्तिवेतनाच्या खात्याचे नियम निराळे असल्याने निवृत्त शिक्षकांनी व कर्मचाऱ्यांनी मुखत्यारपत्र करण्याआधीच बँकेत व कोषागारात विचारणा करावी.

वारसनिर्देशनाबाबत मोठा गैरसमज आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येऊ लागले, हे खरे. पण नामनिर्देशिताचा संबंध खातेदाराच्या मृत्यूनंतर येतो. खातेदार जिवंत असून बेशुद्ध असेल तर नामनिर्देशनाचा काडीमात्र उपयोग होत नाही.

वेळ निघून गेल्यावर

काहीही लिहून न ठेवता एखादी व्यक्ती दीर्घ बेशुद्धीत गेली तर तिच्या पत्नीलाही तिच्या खात्यातून उपचाराचा खर्च काढता येत नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाने व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णाच्या हक्कांना पुष्कळ बळ दिले, परंतु मालमत्तेचे ते प्रकरण नव्या अधिनियमात राहिले नाही. ही उणीव उच्च न्यायालयांना आपल्या अंगभूत अधिकारात भरून काढावी लागत आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली बेशुद्ध रुग्णांसाठी पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. रुग्णाची वैद्यकीय मंडळाकडून तपासणी आणि तहसीलदाराहून कमी दर्जा नसलेल्या महसूल अधिकाऱ्याकडून प्रत्यक्ष चौकशी यांचा त्यात समावेश आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये बेशुद्धावस्थेतील पतीच्या पालक म्हणून पत्नीची नेमणूक केली. अमरावती व अकोल्याच्या कुटुंबांना यासाठी नागपूर खंडपीठाकडे जावे लागते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी मात्र राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्ह्यातच पालक नेमला जातो, व जिल्हाधिकारी त्या स्थानिक समितीवर असतात.

उपचाराचा निर्णय कोणाचा?

अनेक दस्तलेखक मुखत्यारपत्रात ‘औषधोपचाराबाबत सर्व निर्णय घेण्याचा अधिकार’ असे एक वाक्य घालून देतात. रुग्णालयाशी पत्रव्यवहार, विम्याचे कागद, देयकाचा भरणा यांसाठी ते उपयोगी पडते. शस्त्रक्रियेच्या संमतीची गोष्ट वेगळी आहे. जाणत्या वयाच्या, भानावर असलेल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच असावी लागते. शस्त्रक्रियेच्या मेजावर भूल दिलेल्या स्त्रीच्या आईकडून संमती घेऊन तिचे गर्भाशय काढल्याच्या दिल्लीतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ती संमती पुरेशी मानली नाही; प्राणावर बेतलेला प्रसंग नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबावयास हवे होते, असे ठरविले.

आयुष्याच्या अखेरच्या अवस्थेत कृत्रिम साधनांनी प्राण लांबवावेत की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच देशापुढे आला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात अचेतनप्राय अवस्थेत होत्या. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचारीवर्गाचे मत ग्राह्य मानले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र, म्हणजे व्यवहारात ज्यास ‘लिव्हिंग विल’ म्हणतात ते, मान्य केले. त्याची पद्धत इतकी किचकट होती की ते करणे सामान्य माणसास जवळजवळ अशक्य होते. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुलभ करण्यात आली.

आता हे पत्र कोणाही सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीस दोन साक्षीदारांसमक्ष करता येते, व नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने ते साक्षांकित केले म्हणजे पुरते. पूर्वीप्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. आपण निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसल्यास उपचार नाकारण्यास वा थांबविण्यास संमती कोणी द्यावी, त्या एकाहून अधिक पालकांची अथवा जवळच्या नातलगांची नावे त्यात लिहावयाची असतात. पत्र केव्हाही लेखी मागे घेता येते. आणि ते लागू होते केवळ बरे होण्याची आशा नसलेल्या, अखेरच्या आजारात, रुग्णाची निर्णयशक्ती गेल्यानंतर. तेव्हाही नातलगांच्या एका शब्दावर काही होत नाही. उपचार करणारा डॉक्टर व किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नामनिर्देशित केलेल्या डॉक्टरसह दुसरे मंडळ, अशा दोन पायऱ्या आहेत. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, व अंमल करण्यापूर्वी रुग्णालयाने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यास कळवावे, असे आदेश आहेत. इच्छामरणाची परवानगी म्हणून या पत्राकडे पाहिले जाते ते बरोबर नाही. इंजेक्शन देऊन जीव घेण्यास कायद्याची मुळीच मुभा नाही.

मानसिक आजाराबाबत २०१७ च्या अधिनियमाने आणखी सोपी वाट दिली आहे. आपला प्रतिनिधी कोण, हे साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला म्हणजे नामनिर्देशन होते.

पंचायतीकडे आलेले काम

या सर्वांत ग्रामपंचायतीचा थेट संबंध एका ठिकाणी येतो. निर्देशपत्राची एक प्रत महानगरपालिका, नगरपरिषद अथवा पंचायत यांनी नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावयाची असून तो तिचा अभिरक्षक असतो. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर राज्यात असे अभिरक्षक नेमण्याच्या कामास चालना मिळाली. अचलपूर वा मूर्तिजापूरसारख्या नगरपरिषदेत अशी प्रत दाखल करणे एक वेळ सोपे जाईल. खेड्यात मात्र प्रत घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘हे आमचे काम नाही’ असे सांगितले जाण्याचा संभव आहे. तसे होऊ नये म्हणून आपल्या क्षेत्रासाठी अभिरक्षक कोण, हे पंचायतीने वरिष्ठ कार्यालयाकडून लेखी विचारून घेऊन नाव व हुद्दा फलकावर लावला पाहिजे. प्रत स्वीकारताना आवक क्रमांक व तारीख घालून पोच द्यावी, आणि पत्र मागे घेतल्याची नोंदही त्याच नोंदवहीत त्याच क्रमांकासमोर व्हावी. रुग्ण अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या रुग्णालयात असताना तेथील डॉक्टरांना पत्राचा खरेपणा या अभिरक्षकाकडून पडताळून घ्यावयाचा असतो. ती विचारणा कार्यालयीन वेळेतच येईल असे नाही. नोंदवही कोणत्या कपाटात आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि सुट्टीच्या दिवशी दूरध्वनी कोणी घ्यावयाचा, एवढे मासिक सभेत ठरवून कार्यवृत्तात लिहून ठेवावे.